चार सैल बोल्ट

मी एक जुना पॉवर सप्लाय आहे. मित्रांनो, पॉवर सप्लाय म्हणजे काय हे तुमच्यापैकी निम्म्यांना ठाऊक नसेल. उरलेल्या निम्म्यांना ते ठाऊक आहे असे वाटत असेल, आणि मला जास्त राग त्यांचाच येतो. तेव्हा मधे मधे बोलू नका. मी सांगतो ते ऐका.

भिंतीतली वीज फार दांडगट असते. ती जशीच्या तशी अ‍ॅम्प्लिफायरला दिली तर तो एका क्षणात जळून जाईल. तिचा जोर उतरवायचा, तिला गाळून सरळ करायची आणि अ‍ॅम्प्लिफायर मागेल तेव्हा मागेल तेवढी पुढे सरकवायची, हे माझे काम. गाणे वाजले की लोक स्पीकरकडे बघून माना डोलावतात आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवरून हात फिरवतात. माझे नाव घेतलेच तर शिवी देण्यासाठी घेतात.

माझा जन्म वाइंडिंगच्या, म्हणजे तारांची वेटोळी गुंडाळण्याच्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्यांमध्ये झाला. तिथे काम करणाऱ्या एका माणसाची थोरली बहीण घरी नाचाचा वर्ग काढणार होती, आणि दुकानातल्या तयार यंत्रांवर ह्या माणसाचा काडीचाही विश्वास नव्हता. डबा चटणीपोळीचा असो की आणखी कशाचा, तो चार घासांत संपवून तो माझ्याकडे वळायचा. त्याने तांब्याची तार फेऱ्यावर फेरा देत गुंडाळली. तिच्याभोवती लोखंडी पत्र्यांची चळत रचली. मग चार लांब बोल्ट आरपार घातले आणि दातओठ खाऊन आवळले. त्या बोल्टांची खाच पाडलेली डोकी माझ्या झाकणावर चार कोपऱ्यांत अजून दिसतात. ती लक्षात ठेवा, पुढे सगळे भांडण त्यांच्यावरूनच झाले.

ह्या माणसाला मी मामा म्हणतो, कारण त्या घरातला मुलगा त्याला मामा म्हणतो. अ‍ॅम्प्लिफायरही मामानेच बनवला, पण वेगळ्या पेटीत. "घरघर करणारा आणि गाणारा एका खोलीत नांदत नाहीत," असे तो म्हणाला. घरघर करणारा म्हणजे मी. जन्माला येऊन धड एक दिवस झाला नव्हता, तेवढ्यात बापाने असे नाव ठेवले.

त्याने अ‍ॅम्प्लिफायर वरच्या फळीवर मांडला. मुलींचे हात पोचू नयेत म्हणून स्पीकर पार छताजवळ टांगले. आणि मला, मी धोंड्यासारखा जड म्हणून, त्याच्या बहिणीच्या खुर्चीशेजारी एका बुटक्या स्टुलावर बसवले. मुली तिला बाई म्हणत. बाई खुर्चीत बसून एका हाताने छडी आपटायची आणि दुसरा हात माझ्या झाकणावर टेकवायची. त्या हातासाठी मी तिथे नव्हतो, पण बाईला टेकायला काहीतरी लागायचे आणि मी होतो. पुढच्या खोलीतल्या फरशीवर मुलींचे पाय धाडधाड पडायचे. धूळ माझ्यावर बसायची. आलेला पाहुणा म्हणायचा, "वा, आवाज किती स्वच्छ आहे!" आणि फळीवर लोडाला टेकलेल्या जावयासारखा बसलेला अ‍ॅम्प्लिफायर ते कौतुक एकटा गिळायचा. मला तो कधीच आवडला नाही. आजही आवडत नाही.

बाईला एक मुलगा होता. तो मागच्या खोलीत अभ्यास करायचा आणि पुढच्या खोलीतले धाडधाड ऐकत दात खायचा. मोठा झाला, नोकरीला लागला, आणि त्याला गाणी ऐकायचा नाद लागला. नाद म्हणजे कसा? गाणे कोणते, कुणाचे, ह्याच्याशी त्याला देणेघेणे नव्हते. तो फक्त आवाजातले खडे शोधायचा. मामा त्याला "कानवाले" म्हणायचा. "काय कानवाले, आज कुठे खरखर सापडली?" असे विचारून हसायचा. भाच्याला ते झोंबायचे. दोघांचे विळ्याभोपळ्याचे सख्य तेव्हापासूनचे.

ह्या कानवाल्याला पुढची खोली हवी होती. घरात तेवढी मोठी खोली दुसरी नाही. तिच्या बरोबर मध्ये एक खुर्ची ठेवायची, समोर नवे स्पीकर उभे करायचे, दार लावून घ्यायचे आणि एकट्याने ऐकत बसायचे, असे त्याचे स्वप्न होते. जेवताना तो आडून आडून विषय काढायचा.

"आई, आता पुरे की क्लास. या वयात कशाला दगदग?"

"माझे पाय चालतायत तोवर क्लास चालणार," बाई म्हणायची.

मग तो गप्प बसायचा. पण त्याचे गप्प बसणे म्हणजे विसरणे नव्हे. मांजर उंदराच्या बिळासमोर बसते, तसा तो आईचे काहीतरी चुकण्याची वाट बघत होता. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, सख्खा मुलगा असे करेल का? मी त्या घरात स्टुलावर बसून सगळे पाहिलेले आहे. तुम्ही मला शिकवू नका.

आणि बाईचे खरोखरच काहीतरी बिघडत चालले होते. तिचे कान जात होते. आधी दारावरची घंटा गेली, मग फोन, मग मागून मारलेल्या हाका. ती हुशार. समोरच्याच्या ओठांकडे बघून ती उत्तरे द्यायची, आणि ओठ दिसले नाहीत की "काय मेलं लक्ष नसतं माझं" म्हणून हसायची. कुणाला पत्ता लागला नाही. मला लागला, कारण तिचा हात माझ्यावर आता नुसता टेकलेला राहिला नाही. तो ऐकू लागला.

हे कसे ते समजून घ्या. गाण्यातला जाड ठोका पडला की अ‍ॅम्प्लिफायर माझ्याकडे जास्त वीज ओढतो. त्या ओढीने माझे पत्रे थरथरतात. बारीक सूर, शब्द, बासरीबिसरी, ह्यांचा मला पत्ताही लागत नाही. ठोका मात्र माझ्या अंगातून जातो. बाईने तो हाताने ओळखला. गाणे तिचे पाठ होतेच. ठोका हाताशी आला की बाकीचे तिच्या डोक्यात वाजायचे आणि छडी बरोबर जागेवर पडायची. पुढ्यात नाचणाऱ्या मुलींना शंकाही आली नाही.

पण मामाने मला फार घट्ट आवळले होते. माझी थरथर अगदी मंद. एका दुपारी घरात कुणी नसताना बाईने शिलाई मशीनच्या खणातून स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि माझे चारही बोल्ट अर्धा अर्धा फेरा सैल केले. झाकणावर हात ठेवून पाहिला. मान हलवली. काही महिन्यांनी पुन्हा अर्धा फेरा. असे तिने मला वर्षानुवर्षे सैल केले. मला विचारले का? छे! मी पिळदार अंगाचा, शिस्तीचा पॉवर सप्लाय. तिने माझे खुळखुळ्यात रूपांतर केले. माझी घरघर आता स्टुलावरून उतरून खोलीभर फिरू लागली आणि मला त्याची भयंकर लाज वाटायची. मी बाईवर चिडलो होतो हे मी लपवणार नाही.

ती घरघर कुणाच्या कानावर जाणार? अर्थातच कानवाल्याच्या.

"हा डबा म्हातारा झाला," तो एके सकाळी माझ्यासमोर उकिडवा बसून म्हणाला. "मामाची कलाकुसर! आता नवीन पॉवर सप्लाय बसवतो, आई. बघ कसा शांत असतो."

तो बोलताना त्याचे तोंड माझ्याकडे होते, त्यामुळे बाईला एक अक्षर कळले नाही. ती हसली आणि म्हणाली, "बरं."

मामाला विचारायची त्याला गरज वाटली नाही. बोल्टांकडे बघायचीही वाटली नाही. मामाने बनवलेली वस्तू, म्हणजे ती वाईट असणारच, मग तपासायचे काय? दुसऱ्याच दिवशी बाई बाजारात गेली असताना त्याने माझी केबल काढली. अ‍ॅम्प्लिफायरला एक काळा, चपटा, वहीएवढा डबा जोडला. त्यावर निळा दिवा होता. वजन म्हणाल तर फुंकर मारली तर उडेल. बाईचा हात टेकायला काहीतरी हवे म्हणून त्याने तो माझ्याच स्टुलावर ठेवला. एवढी माया त्याच्यात होती, हे मान्य करतो. आणि मला कुठे टाकले? पुढच्या खोलीचे दार वाऱ्याने आपटते, तर त्याला टेकू म्हणून. जन्मभर गाणी पोसली आणि शेवटी दाराचा धोंडा झालो. गरज सरो, वैद्य मरो.

बाई परत आली. तिने मला दाराशी पाहिले, स्टुलाकडे पाहिले, आणि तिचा चेहरा उतरला. पण बोलायचे काय? बोलली तर का बोलली ते सांगावे लागेल. सांगितले तर वर्ग जाईल. ती मुकाट्याने खुर्चीत बसली. गाणे लावून तिने त्या काळ्या डब्यावर हात ठेवला. डबा गार होता आणि मढ्यासारखा निपचित होता. तिने हात दाबून पाहिला, बोटे हलवून पाहिली. निळा दिवा तेवढा तिच्याकडे टुकूटुकू बघत होता.

चार-सहा दिवस तिने मुलींच्या पायांकडे बघून निभावले. मोठ्या मुलीचा पाय पडला की ही छडी आपटायची. पण अशाने बाई मुलींच्या मागून चालू लागली, आणि मुली घाबरून तिच्या छडीकडे बघत आणखी मागे पडू लागल्या. मुलींचा कार्यक्रम जवळ आलेला. तालीम बघायला काही आया आल्या होत्या. त्या गाण्यात मध्ये एक थांबा आहे. मुली हात वर करून थबकतात, चार ठोके जातात आणि पुन्हा नाच सुरू होतो. गाण्याच्या शेवटीही त्या तशाच हात वर करून थबकतात.

गाणे संपले. मुली हात वर करून थांबल्या. बाईला वाटले, हा मधला थांबा आहे. ती छडी आपटत राहिली आणि ओरडली, "चला, पुढे! पाय उचला!"

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. बाईचे वय झाले, लक्ष उडाले, असे वाटून एका आईने तोंडावर हात धरला. छडी मात्र चालूच होती. मुलगा मागच्या दारात उभा होता. तो आला, बाईच्या समोर उभा राहिला आणि म्हणाला, "आई, गाणं संपलंय."

मित्रांनो, मी दाराशी पडलो होतो. माझ्यात त्या वेळी वीज नव्हती, नाहीतर मी त्या मुलाला असा झटका दिला असता की त्याची सात पिढ्यांची खरखर गेली असती.

सगळे गेल्यावर बाईने काळ्या डब्याकडे बोट केले. "याच्यात दम नाही. याच्यात तालच नाही. माझा डबा परत लाव."

"आई, हा त्याच्यापेक्षा दसपट चांगला आहे. नाचता येईना..." एवढे म्हणून तो थांबला.

पण बाई ओठ वाचत होती. उरलेली म्हण तिला ऐकायची गरज नव्हती. तिने तडक आपल्या भावाला निरोप धाडला.

मामा आला तो चपला न काढताच. त्याने मला दाराशी पाहिले आणि त्याच्या कपाळावरची शीर फुगली. मला उचलून त्याने खोलीच्या मध्यात ठेवले, बोटाने एक बोल्ट हलवला. बोल्ट डुगडुगला. दुसरा हलवला. तोही डुगडुगला.

"हे तू केलंस," मामा भाच्याला म्हणाला.

"मी? मी हातसुद्धा लावला नाही तुझ्या बोल्टांना."

"मग ते काय वाऱ्याने फिरले? माझं काम टाकाऊ ठरवायचं होतं ना तुला? म्हणून आधी बोल्ट ढिले केलेस, मग घरघर होते म्हणून बोंब मारलीस, आणि मग हे खेळणं आणून बसवलंस!"

"मामा, तोंड सांभाळून बोल. तुझा डबा मुळातच भंगार होता."

"भंगार? अरे, तू रांगत होतास तेव्हापासून चालतोय तो! आणि तू रे? तुझे ते कान काय कामाचे? घरातलं काय ऐकू येतं तुला?"

दोघे एकमेकांच्या अंगावर धावून जायचेच बाकी राहिले होते. बाई एकदा ह्याच्या तोंडाकडे, एकदा त्याच्या तोंडाकडे बघत होती. दोघे एकदम बोलू लागले तसे तिला काहीच कळेना. शेवटी तिने छडी फरशीवर जोरात आपटली.

"बोल्ट मी सैल केले."

"ताई, तू? कशाला?" मामा म्हणाला.

"मला ऐकू येत नाही म्हणून. हाताला कळावं म्हणून."

ती हे भाजीत मीठ कमी आहे अशा सुरात बोलली. मामाने सैल बोल्टांकडे पुन्हा वाकून पाहिले. मला वाटले, मुलगा आता तरी विरघळेल. कसला विरघळतोय! त्याच्या तोंडावर आधी धक्का दिसला, आणि त्या धक्क्याच्या मागोमाग पुढची खोली दिसली. बिळातून उंदीर बाहेर आला होता.

"मग आता क्लास बंद," तो म्हणाला. "ऐकू येत नसताना शिकवायचं म्हणजे लोकांना फसवणं आहे. आणि ठोकाच हवा असेल तुला, तर एक स्पीकर खाली काढून देतो. त्याला हात लावून बस, हवं तेवढं."

"स्पीकर बडबडतो," बाई म्हणाली. "गाणारा, वाजवणारा, सगळे एकदम हातात शिरतात. काही सुधरत नाही. हा डबा फक्त ठोका सांगतो. आणि फसवण्याचं म्हणशील, तर ते तेवढं बरोबर बोललास. उद्या सांगते सगळ्यांना."

मामाने त्याच संध्याकाळी मला पुन्हा स्टुलावर बसवून माझी केबल जोडली. बोल्टांवर पाना ठेवून तो क्षणभर थांबला. आयुष्यभर त्याने सैल बोल्ट पाहिला की आवळला होता. त्याने पाना खिशात घातला. मला सांगायला आवडत नाही, पण त्या वेळी माझ्या आतून काहीतरी हलले. बोल्ट सैल असल्यामुळे असेल.

दुसऱ्या दिवशी मुली आल्या, त्यांच्या आया आल्या. बाई उभी राहिली. "मला ऐकू येत नाही. या डब्यावर हात ठेवून मला ताल कळतो. हे मी तुमच्यापासून लपवलं, ते चुकलं. ज्यांना मुलींना न्यायचंय त्यांनी न्यावं. मी वाईट वाटून घेणार नाही."

वाईट वाटून घेणार नाही म्हणाली, ते खोटे होते. तिने छडी दोन्ही मुठींत मामाच्या बोल्टांसारखी आवळून धरली होती. बऱ्याच जणींनी मुली नेल्या. जाताना एक आई म्हणाली, "आधी सांगायला हवं होतं हो बाई." दुसरी तेही न बोलता गेली. सात-आठ मुली उरल्या. मुलगा मागच्या दारात हाताची घडी घालून मोजत असावा. बाईने गाणे लावले, हात माझ्यावर ठेवला, छडी उचलली. माझे पत्रे थरथरले. छडी जागेवर पडली. मधल्या थांब्याला ती थांबली आणि शेवटच्या थांब्यालाही बरोबर थांबली. मग तिने छडी खाली ठेवली आणि मुलाकडे मान वळवून पाहिले. तो आत निघून गेला.

त्याने आपला काळा डबा आणि नवा अ‍ॅम्प्लिफायर मागच्या खोलीत मांडला आहे. दार लावून, कानांवर हेडफोन चढवून तो ऐकत बसतो. मायलेक कामापुरते बोलतात. मामा आला की भाचा बाहेर जातो. सगळे गोड झाले असे मी सांगावे, अशी तुमची अपेक्षा असेल. नाही झाले.

मित्रांनो, एखादी जुनी वस्तू घरातून काढायची असेल तर खुशाल काढा. मला तुमची दया नको आणि रविवारी एकदा फिरवलेले ओले फडकेही नको. पण काढण्याआधी एवढे बघा की तिच्यावर कुणाचा हात टेकलेला असतो. तो का टेकलेला असतो ते विचारा. आणि उत्तर देणाऱ्याला तुमचे तोंड दिसेल असे उभे राहून विचारा.

आता शेवटचे सांगतो. परवा दुपारी बाई बाहेर गेली होती. मागचे दार उघडले आणि मुलगा आला. त्याने गाणे लावले, बाईच्या खुर्चीत बसला आणि माझ्यावर हात ठेवला. पूर्ण गाणे होईपर्यंत त्याने तो उचलला नाही. मग तो उठला आणि शिलाई मशीनच्या खणातून स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला. झाले, मी म्हटले. हा आता मला आवळणार, बाईचा हात पुन्हा बहिरा करणार, आणि खोली घेणार.

"कर्कश डबा," तो पुटपुटला. आणि त्याने माझे चारही बोल्ट अर्धा अर्धा फेरा सैल केले.

संध्याकाळी बाई वर्गाला बसली. गाणे लागले, पहिला ठोका पडला आणि तिने दचकून हाताकडे पाहिले. मग मागच्या बंद दाराकडे पाहिले. "चला गं," म्हणून तिने छडी उचलली. मी त्या मुलाला अजून माफ केलेले नाही. पण अर्धा फेरा त्याने बरोबर दिला होता.